एवढ्याशा शंकूत खर्ज कुठून येतो?

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथल्या दुकानांत वाळलेले भोपळे टांगलेले असतात. कुणी दांडी तासत असतो, कुणी तयार तंबोरा मांडीवर घेऊन जवारी काढत असतो. पुरुष गायकाचा तंबोरा जवळजवळ पाच फूट उंच असतो आणि त्याचा भोपळा दोन्ही हातांच्या कवेत कसाबसा मावतो.

आता दुसरे चित्र पाहा. गाण्याच्या शिकवणीत कोपऱ्यात एक लहानशी पेटी ठेवलेली असते. तिची कळ दाबली की तंबोरा सुरू होतो. पेटी उघडली तर आत भोपळा नाही, तार नाही. तळहातात मावेल एवढा एकच स्पीकर आहे. तरीही विद्यार्थी त्या आवाजात आपला षड्ज मिळवतो, इतकेच नव्हे तर खर्जही मिळवतो.

काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला १३८.६ कंपनांचा, म्हणजे १३८.६ हर्ट्झ असतो. खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, ६९.३ हर्ट्झने कंप पावते. तीन इंची स्पीकरला इतका खालचा स्वर नीट काढता येत नाही, हे आपण पुढे आकड्यांनीच पाहणार आहोत. मग खर्ज ऐकू येतो तो कुठून? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाद्य बनवणारे कारागीर, लाउडस्पीकर बनवणारे अभियंते आणि कानाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या तिघांच्या इतिहासातून जावे लागते. शाळेसाठी किंवा हौस म्हणून स्वतःच्या हाताने स्पीकरची पेटी बनवू पाहणारे शिक्षक आम्हांला नेहमी विचारतात, "कोणता स्पीकर घेऊ?" त्यांनाही याच वाटेवर उत्तर सापडेल.

शिकलगारांचा भोपळा

मिरजेत तंतुवाद्ये बनू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने. या परंपरेचे मूळ पुरुष म्हणून फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव घेतले जाते. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचे. तलवारींचे दिवस संपत आले, आणि धातू व लाकूड जाणणारे ते हात वाद्यांकडे वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येत.

या कारागिरांपुढचा प्रश्न नीट समजून घेऊ. ताणलेली बारीक तार कितीही जोरात छेडली तरी तिचा आवाज फार होत नाही. सुई हवेत हलवली तर वारा लागत नाही, पण पंखा हलवला तर लागतो, तसेच हे. तारेच्या एका बाजूची हवा सहज दुसऱ्या बाजूला सरकते. म्हणून तारेची कंपने घोडीतून तबलीकडे, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी पातळ पाटीकडे न्यावी लागतात. ती पाटी पुष्कळ हवा हलवते. मागचा भोपळा पाटीच्या मागची हवा पुढच्या हवेत मिसळू देत नाही आणि स्वतःच्या पोकळीचा घुमारा वर देतो.

स्पीकरमध्येही हीच व्यवस्था असते. तारेच्या जागी चुंबकातले तांब्याचे वेटोळे येते, तबलीच्या जागी कागदाचा शंकू आणि भोपळ्याच्या जागी लाकडी पेटी. खेड्यापाड्यांत माठाच्या तोंडावर स्पीकर बसवून गाणी ऐकण्याची युक्ती अनेकांनी केली आहे. त्यांनी नकळत तंबोऱ्याचाच पुन्हा शोध लावला होता.

कर्ण्यातून हरवलेला तंबोरा

१९०२ साली कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानी गायकांचे ध्वनिमुद्रण सुरू केले. तेव्हा वीज वापरली जात नव्हती. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. ऐकतानाही उलट दिशेने तेच. या यंत्रणेत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झपर्यंतचेच स्वर बरे उमटत. शेजारी वाजणारा तंबोरा त्यात जवळजवळ हरवून जाई.

उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब पुढे मिरजेला स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तिथे त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा भरते. तंबोरे जुळवण्यातली त्यांची बारकाई प्रसिद्ध होती. त्यांचे सुरुवातीचे ध्वनिमुद्रण कर्ण्याच्या काळातले, तर शेवटच्या वर्षांतल्या तबकड्या विजेच्या मायक्रोफोनने मुद्रित केलेल्या. दोन्ही काळांतल्या तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर विद्यार्थ्यांना फरक सांगावा लागत नाही.

१९२५ चा शंकू

चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे ठेवून हलवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तिची पेटंटे घेतली होती. पण त्या वेटोळ्याला पुरेसा विद्युतप्रवाह देणारे प्रवर्धक तेव्हा नव्हते. ते आल्यावर, १९२५ साली, अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याशिवायचा लाउडस्पीकर कसा असावा हे सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. आजचा जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याच निबंधाचा वंशज आहे.

त्यांच्या विचाराचे सार नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळेल. शंकू हा स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा असतो, म्हणजे त्याची स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते. तिच्यापेक्षा जलद हलवले तर स्प्रिंगचा प्रभाव नगण्य होतो आणि उरते फक्त वस्तुमान. मग न्यूटनचा दुसरा नियम लागू होतो. बल तेवढेच असेल तर त्वरणही तेवढेच, मग कंप्रता कितीही असो. शंकू तरंगलांबीच्या मानाने लहान असला तर त्याच्या समोरच्या आवाजाचा दाबही त्वरणावरच अवलंबून असतो. म्हणजे शंकूची नैसर्गिक कंप्रता पुरेशी खाली ठेवली की तिच्या वरचे सगळे स्वर सारख्याच जोराने निघतील! दुसरी अट अशी की शंकू मोठ्या फळीत बसवावा. नाहीतर पुढची आणि मागची हवा एकमेकींना खोडून टाकतात.

एकाच शंकूतून सारे स्वर काढण्याचे स्वप्न, ज्याला आपण पूर्ण पल्ल्याचा स्पीकर म्हणू, ते इथून सुरू होते. पण याच नियमात त्याची अडचणही दडलेली आहे. त्वरण तेच ठेवून कंप्रता निम्मी केली तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते.

तीन, चार आणि आठ इंच

आता आपण तीन आकारांचे स्पीकर शेजारी ठेवू. कडेची हलणारी घडी धरून तीन इंची स्पीकरच्या शंकूचे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस सेंटिमीटर भरते, चार इंचीचे ५० आणि आठ इंचीचे २१०. एक मीटर अंतरावर ८० डेसिबलचा, म्हणजे चढ्या आवाजातल्या बोलण्याहून थोडा मोठा, शुद्ध ६९.३ हर्ट्झचा स्वर हवा आहे. स्पीकर मोठ्या भिंतीत बसवला आहे असे धरू. गणित केले तर शंकूने दर कंपनात मध्यापासून प्रत्येक बाजूला सुमारे ८ घन सेंटिमीटर हवा सरकवली पाहिजे असे निघते. हे दीड चमच्याएवढे आकारमान झाले. त्यासाठी आठ इंची शंकूला ०.४ मिलिमीटरहून कमी हलावे लागते. चार इंचीला १.६ मिलिमीटर लागतात आणि तीन इंचीला २.६.

तीन इंची स्पीकरचे वेटोळे चुंबकाच्या फटीत सरळ रेषेत हलू शकते ते साधारण एक ते तीन मिलिमीटर. म्हणजे ८० डेसिबललाच तो थकतो. भिंत काढून लहान पेटीत बसवला तर खालच्या स्वरांसाठी जवळपास दुप्पट हलावे लागते, आणि आवाज १० डेसिबलने वाढवायचा तर तिपटीहून अधिक. शिवाय लहान स्पीकरची नैसर्गिक कंप्रता बहुधा ८० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान असते. बंद पेटीतल्या हवेची स्प्रिंग तीत भर घालते आणि ती आणखी वर जाते. त्याखाली आवाज झपाट्याने पडतो. मात्र १३८.६ हर्ट्झचा षड्ज काढायला याच शंकूला ०.६५ मिलिमीटर पुरतात. म्हणजे मध्य षड्ज सोपा आणि खर्ज अवघड.

मग सरळ आठ इंची का घेऊ नये? कारण वरच्या स्वरांना मोठा शंकू मानवत नाही. स्वराची तरंगलांबी शंकूच्या परिघाइतकी लहान झाली की आवाज सगळीकडे पसरायचा सोडून झोतासारखा समोर जाऊ लागतो. आठ इंची स्पीकरमध्ये हे सुमारे ६७० हर्ट्झपासून सुरू होते, चार इंचीत १,३७० आणि तीन इंचीत १,७५० हर्ट्झच्या आसपास. वर्गात कडेच्या बाकावर बसलेल्या मुलाला मोठ्या शंकूतून शिक्षकांचे 'स' आणि 'श' अस्पष्ट ऐकू येतात ते यामुळेच. शिवाय मोठा कागदी शंकू वरच्या स्वरांना अखंड हलत नाही. त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे थरथरू लागतात.

या अडचणींवर अभियंत्यांनी पुष्कळ डोके चालवले. इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट यांनी १९३० च्या दशकात मोठ्या शंकूच्या मध्यावर एक छोटा ताठ शंकू चिकटवला. वरचे स्वर तो सांभाळी. लोथर कंपनीचे स्पीकर याच कल्पनेवर चालत आले, आणि फिलिप्सचे दुहेरी शंकूचे स्पीकरही. अमर बोस यांनी १९६८ साली उलटी वाट धरली. एका मोठ्या शंकूऐवजी नऊ लहान शंकू एकाच पेटीत बसवले आणि खालचे व वरचे स्वर विजेच्या मंडलाने उचलून धरले. बहुतेकांनी मात्र काम वाटून टाकले: खालच्यासाठी वूफर, वरच्यासाठी ट्वीटर.

चुंबकही बदलत गेले. १९३० च्या दशकातले अल्निको, मग फिलिप्सने १९५२ मध्ये आणलेले स्वस्त फेराइट आणि १९८० च्या दशकातले निओडिमियम. चुंबक लहान आणि जोरकस होत गेले, म्हणूनच आज खिशात मावणारा स्पीकर शक्य झाला. पण चुंबक सुधारला म्हणून हवेचे गणित बदलत नाही. केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी अँटन हॉफमन यांनी एक नियम मांडला, त्याला पोलादी नियम म्हणतात. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतील. तिसरी सोडावी लागेल.

स्पीकरच्या माहितीपत्रकातले आकडे वाचताना हा नियम समोर ठेवावा. हे आकडे मोजण्याची आणि त्यांवरून पेटी ठरवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात घालून दिली. चार आकडे आधी पाहावेत: नैसर्गिक कंप्रता, शंकूचे क्षेत्रफळ, वेटोळे किती मिलिमीटर हलू शकते, आणि एक वॉटला एक मीटरवर किती डेसिबल. लहान स्पीकर बहुधा ८४ ते ८६ डेसिबलचे असतात. हलक्या शंकूचे मोठे ९५ च्या आसपास. फरक दहाचा वाटतो, पण तेवढ्याच आवाजासाठी लहान स्पीकरला दसपट शक्ती पुरवावी लागते. पाकिटावर छापलेले 'इतके वॉट' यातले काहीच सांगत नाहीत.

कानाने भरलेली जागा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तीन इंची स्पीकर ६९.३ हर्ट्झचा स्वर जेमतेम काढतो, तरी खर्ज ऐकू येतो.

जर्मनीत ऑगस्ट झेबेक यांनी १८४१ मध्ये भोके पाडलेल्या फिरत्या तबकडीचा भोंगा वापरून दाखवले होते की मूळ कंप्रतेचा स्वर जवळजवळ नसला तरी कानाला तोच स्वर ऐकू येतो. तेव्हा त्यांचे म्हणणे मागे पडले. १९२४ मध्ये अमेरिकेत हार्वे फ्लेचर यांनी आणि १९३८ नंतर हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत यान स्खाउटेन यांनी ते पुन्हा प्रयोगाने पुढे आणले. रोजचे उदाहरण टेलिफोनचे. जुनी टेलिफोनची तार ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पल्ला वाहून नेई. वडिलांच्या आवाजाचा मूलस्वर १०० ते १५० हर्ट्झचा असतो, म्हणजे तो तारेतून यायचाच नाही. पण टेलिफोनवर वडिलांचा आवाज मुलासारखा बारीक कधीच वाटला नाही.

खर्जाच्या तारेतून मूलस्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर निघतात: १३८.६, २०७.९, २७७.२, ३४६.५ आणि पुढे. यांतल्या प्रत्येक दोहोंमध्ये ६९.३ चे अंतर आहे. पहिला स्वर काढून टाकला तरी बाकीची शिडी पाहून मेंदू तिची पायरी केवढी हे ओळखतो. तो नसलेला खर्ज ऐकतो.

आणि इथे मिरजेचा कारागीर पुन्हा समोर येतो. तंबोऱ्याची घोडी सपाट-गोलसर असते. तिच्या पृष्ठभागाला अगदी हलका उतार देऊन, तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी लावली जाते. कंप पावताना तार त्या पृष्ठभागाला चाटत राहते. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेचा अभ्यास करून दाखवले की त्यामुळे असे उपस्वरही जोमदार वाजतात, जे तार ज्या जागी छेडली तिथे त्यांचा स्थिर बिंदू येत असल्याने जुन्या नियमानुसार वाजायलाच नकोत. खर्जाच्या तारेची ऊर्जा जवारी वरच्या उपस्वरांना वाटून देते.

आता भोपळ्याकडे पुन्हा पाहा. पाच फुटी वाद्य असले तरी ६९ हर्ट्झच्या हिशेबाने, म्हणजे पाच मीटर तरंगलांबीच्या मानाने, तेही लहानच आहे. त्यातूनही खर्जाचा मूलस्वर तसा क्षीणच बाहेर पडतो. लहान शरीरातून खोल स्वर ऐकवायचा हा पेच कारागिरांनी राइस आणि केलॉग यांच्या आधीच सोडवला होता. त्यांनी स्वर मोठा केला नाही. कानाला तो ओळखता येईल एवढ्या खुणा पुरवल्या. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी चालते ती याच पुण्याईवर.

पेटी आणि भोपळा

बंगळूरचे अभियंते जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. पुढे मोबाइल फोनवरही तंबोरा आला. तो वाहून न्यायला सोपा आहे, त्याची तार तुटत नाही, आणि लहान गावातल्या मुलीलाही त्याच्यामुळे आधारस्वर मिळाला. तो वाईट म्हणून चालणार नाही. पण घरोघरच्या रियाजातून तंबोरा उठला की तो बनवणाऱ्याच्या हातचे काम जाते, हेही खरे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाचे रक्षण करते. जवारी काढणारा पुढचा हात मात्र ते घडवू शकत नाही.

असा वाद या परिसराला नवा नाही. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. तारेची लांबी मोजून त्यांनी स्वरांचे गणित मांडले आणि पडताळणीसाठी अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा व कान मदतीला घेतले. तेव्हाचा प्रश्न होता की हार्मोनियमच्या पेटीतले स्वर खरे की गळ्यातले. आजचा प्रश्न असा आहे की लहान शंकू जे गाळतो त्याची आपल्या कानाला सवय होऊन बसते का. मूलस्वर मेंदू भरून काढतो. पण खऱ्या तंबोऱ्याला कान लावल्यावर दांडीतून हाताला आणि खांद्याला जाणवणारा खर्ज, जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या असताना उठणारी लाट आणि ती शांत होतानाचा क्षण भरून काढायला मेंदूजवळ आधीचा अनुभव लागतो. ज्याने एकदाही खरा तंबोरा ऐकला नाही, त्याला आपण काय गमावले हे कळणार कसे?

म्हणून स्पीकर निवडताना आम्ही सुचवू ते असे. वर्गात बोलणे आणि गाणे ऐकवण्यासाठी चार इंची पूर्ण पल्ल्याचा एकच चांगला स्पीकर, रुंद फळीच्या पेटीत, भिंतीलगत ठेवावा. तीन इंची घेतला तर आवाज मर्यादित ठेवावा आणि पखवाजाची अपेक्षा करू नये. आणि दुकानात स्पीकर पारखायचा तर तंबोऱ्याचे चांगले ध्वनिमुद्रण सोबत न्यावे. त्याची उपस्वरांची शिडी न थांबता चालू राहते. त्यामुळे एखादी पायरी जास्त वाजली की कमी पडली, हे लगेच कानाला टोचते.

वर्गात तीन प्रयोग करता येतील. पहिला: सुटा स्पीकर हातात धरून गाणे लावा. मग मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून तो त्यावर दाबून धरा. खालचे स्वर अचानक का भरले, हे मुलांनाच विचारा. दुसरा: मोबाइलच्या स्पीकरवर आधी तंबोरा आणि मग डग्गा ऐकवा. तंबोऱ्याचा खर्ज बराचसा टिकतो आणि डग्ग्याचा घुमारा जातो, कारण त्या घुमाऱ्यात मूलस्वराचा वाटाच मोठा असतो. तिसरा: स्पीकर हळूहळू बाजूला फिरवा आणि जवारीची झळाळी कधी मंदावते ते मुलांना हात वर करून सांगू द्या.

चौथा प्रयोग वर्गात होणार नाही. मिरजेच्या आसपासच्या शाळांनी सहल त्या गल्लीत न्यावी आणि प्रत्येक मुलाला एकदा तरी तंबोऱ्याच्या दांडीला कान लावू द्यावा.